एमएलए करावं का? लॅन्डस्केप आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स, इथे की बाहेर?

ओली_माती
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची, बी.आर्क. होऊन दोन वर्षं झाली, सध्या पुण्यात एका ऑफिसात आहे. काम म्हणजे टॉयलेट डिटेल्स आणि दरवाजे-खिडक्यांची शेड्यूल्स. त्याबद्दल तक्रार नाही, सगळेच करतात. पण मागच्या वर्षी मुळशीकडच्या एका साइटच्या सर्व्हेवर एक ओढा होता, तो क्लबहाऊसच्या आड येत होता, तर मला सांगितलं की बारा मीटर सरकव. मी सरकवला. कॅडमध्ये एक कमांड. जुलैमध्ये ओढा मूळ जागी परत आला, क्लबहाऊसच्या फुटिंगच्या खड्ड्यांतून.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे की जमीन, पाणी, झाडं याबद्दल आपल्याला पाच वर्षांत कोणी काही शिकवलंच नाही. लॅन्डस्केपचा एक विषय होता, त्यात आम्ही प्लॅनवर हिरवे गोल काढले. म्हणून यात मास्टर्स करायचा विचार आहे. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्ली-भोपाळ, नाहीतर अहमदाबादचं सेप्ट, नाहीतर जर्मनी, आणि मामा म्हणतो करतेसच तर अमेरिका कर, कर्ज काढू. कोणी केलंय का? नोकऱ्यांचं काय? आणि बाहेर शिकून इथे परत यायचं असेल तर त्याचा खरंच उपयोग होतो का, हे मुख्य विचारायचंय.

बंड्या_बारामतीकर
एमएलए करायचं असेल तर परदेशात कशाला? आमच्याकडे या, मतदारसंघ बघू. ओढे सरकवायचा अनुभव आहेच तुमच्याकडे.

गवती_चहा
बंड्या =)) पहिल्याच प्रतिसादात धाग्याचं काश्मीर.

शिकागोचा_शाम
मी केलंय, अमेरिकेत, एका सरकारी युनिव्हर्सिटीतून, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे एमएलए दोन प्रकारचं असतं. ज्यांची आधीची डिग्री काहीही आहे (माझ्या वर्गात एक संगीतवाली होती आणि एक नेव्हीतून आलेला) त्यांना तीन वर्षं. बी.आर्क. किंवा लॅन्डस्केपची बॅचलर असेल तर बऱ्याच ठिकाणी दोन. एक वर्ष वाचलं म्हणजे फी आणि भाडं दोन्ही वाचलं, त्यामुळे अर्ज करताना हे ईमेल टाकून नीट विचारून घे. एलएएबीची (कोर्सना मान्यता देणारं इथलं मंडळ) मान्यता आहे का तेही बघ, पुढे लायसन्सला लागते. पन्नासही राज्यांत या धंद्याला लायसन्स आहे, लारे नावाची चार भागांची परीक्षा द्यावी लागते आणि ती पास होईपर्यंत स्वतःला लॅन्डस्केप आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, डिझायनर म्हणायचं.

आता कामाची गोष्ट. जुलै २०२३ मध्ये लॅन्डस्केप आर्किटेक्चर अमेरिकेच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आलं. म्हणजे ओपीटी (शिक्षणानंतर इथे काम करायची मुभा) बारा महिन्यांचं होतं ते आता आणखी चोवीस महिने वाढतं, एकूण तीन वर्षं. मी त्याच्या आधीचा. आमच्या वेळी बारा महिन्यांत व्हिसाची सोय करा नाहीतर बॅग भरा. माझ्या बॅचमधले तिघं भारतीय, राहिलो मी एकटाच, तेही ऑफिसच्या मालकीणबाईंच्या कृपेने.

पैसा: आयटीवाल्या मित्रांशी तुलना करायची नाही हा पहिला नियम. ऑफिसं छोटी असतात, दहा-पंधरा माणसांची, त्यातली बरीचशी व्हिसाच्या भानगडीत पडत नाहीत. मामांना सांग की कर्ज डॉलरमध्ये फिटतं खरं, पण हळू फिटतं. मला दुसऱ्या वर्षी असिस्टंटशिप मिळाली म्हणून निभावलं.

सॉईल_मेकॅनिक
मी सिव्हिलवाला, तेवीस वर्षं लेआउटची कामं करतोय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कंटूर (समान उंचीच्या रेषा), रस्त्याचा स्लोप, स्टॉर्म वॉटर लाईन हे सगळं आम्ही करतो. लॅन्डस्केपवाले शेवटी येतात, जिथे बजेट संपलेलं असतं, आणि लॉन, पाम आणि एक कारंजं टाकून जातात. त्यासाठी दोन वर्षं आणि लाखो रुपये? ओढा सरकवायचा असेल तर सरकवता येतो, फक्त सेक्शन (आडवा छेद) मोजून दोन्ही बाजूंनी आरसीसी भिंत घालायला हवी होती. चूक डिग्रीची नाही, हायड्रॉलिक्सची आहे.

ऋतुगंध
"शेवटी येतात" हे शंभर टक्के खरं आहे आणि तोच तर रोग आहे हो साहेब.

ओली_माती, मी सेप्टची. चौदा वर्षं पुण्यात प्रॅक्टिस करतेय, आधी दुसऱ्यांकडे, आता स्वतःची. पहिल्या सेमिस्टरला आम्हाला एका गावाच्या शिवारात सोडलं होतं. डिझाइन नाही, काही नाही. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, माती कुठे बदलते, लोक गुरं कुठून नेतात, तेवढं काढून आणा. मी बी.आर्क.ची हुशार मुलगी, मी तिसऱ्या दिवशी शेड डिझाइन करून नेली. सरांनी शीट उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर चहाचा कप ठेवला. म्हणाले, ही बाजू बरी आहे. दोन वर्षांचं शिक्षण त्या एका दिवसात झालं असं म्हणणार नाही, पण सुरुवात तिथे झाली.

इथल्या पर्यायांबद्दल: दिल्ली आणि भोपाळच्या एसपीएला (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) गेटचा स्कोअर लागतो, गेट क्वालिफाय असशील तर महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, त्यात दिल्लीत चैन होत नाही पण घरी पैसे मागावे लागत नाहीत. सेप्टची प्रवेश प्रक्रिया वेगळी आणि फी पण वेगळी (हुश्श). पुण्यात बीएनसीए या कॉलेजात आहे. दिल्लीला गेलीस तर सुंदर नर्सरी बघच. ब्रिटिश काळातली सरकारी रोपवाटिका, नव्वद एकर, प्रा. मोहम्मद शाहीर यांनी तिचा आराखडा केला, हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेचं पुनरुज्जीवनही त्यांचंच. वर्षानुवर्षं एसपीएत शिकवलं त्यांनी. ती बाग २०१८ मध्ये लोकांसाठी उघडली तेव्हा ते नव्हते. पाण्याचा पाट, दगडाचा काठ, बसलेल्या माणसाची उंची, सगळं इतकं मोजून केलंय की मोजल्याचं कळत नाही.

आणि एक कडू गोळी. आपल्याकडे आर्किटेक्ट या पदाला १९७२ चा कायदा आहे, लॅन्डस्केप आर्किटेक्टला स्वतंत्र नोंदणीच नाही. उद्या शेजारचा कुंडीवाला पाटी लावू शकतो. तुझी बी.आर्क.ची नोंदणी आहे ती जिवंत ठेव.

सेक्रेटरी_काका
जरा अवांतर. तज्ज्ञ मंडळी जमलीच आहेत म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीच्या पोडियमवर बिल्डरने बाग करून दिली होती, खाली पार्किंग. चार वर्षांत सगळं गळायला लागलं, आणि झाडं खुरटलेली. त्यात आता एका जॉइंटमध्ये काहीतरी उगवलंय. काय करावं?

गवती_चहा
काका प्रत्येक धाग्यावर पार्किंग आणतात. मागे मोदकांच्या धाग्यावर पण आणलं होतं.

ऋतुगंध
काका, माती किती खोल आहे ते एक सळई खुपसून बघा आधी. लॉनला फूटभर चालते, झुडपांना दोन फूट, झाडाला किमान तीन-साडेतीन हवी. बिल्डर सगळीकडे फूटभर भरतो आणि त्यात कडुनिंब लावतो. आणि लोक आंब्याची हौस म्हणून वर माती ओततात तेही नको, भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते, स्लॅब त्यासाठी डिझाइन केलेला आहे का ते स्ट्रक्चरलवाल्याला विचारा. उगवलंय त्याचा फोटो टाका.

निळावंती
जर्मनीतून. मी बर्नबुर्गला केलं, आनहाल्टच्या होखशूलमध्ये, इंग्रजीतून. न्युर्टिंगन आणि वाइहेनस्टेफान मिळून चालवतात तो इम्ला नावाचा कोर्स पण इंग्रजीत आहे. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून येऊ नकोस फक्त. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, म्युनिकच्या टीयूएम या युनिव्हर्सिटीने २०२४-२५ पासून फी लावली, बाकी बऱ्याच ठिकाणी अजून नाही. एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासून देतात ते) लागतं, आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. म्हणजे महिन्याला ९९२. बर्नबुर्गसारख्या लहान गावात ते पुरतात, म्युनिकमध्ये खोलीवरच संपतील.

काही कोर्सना बॅचलर लॅन्डस्केपचीच लागते, बी.आर्क. चालते का ते आधी विचार. मला त्यांनी झाडं आणि माती या दोन जास्तीच्या विषयांची परीक्षा द्यायला लावली.

नोकरीसाठी भाषा. शिकताना इंग्रजी, पण ऑफिसात निविदा, करार, नगरपालिकेची पत्रं सगळं जर्मन. माझं जर्मन बी-टू पातळीचं होईपर्यंत मी फक्त रेंडर (कॉम्प्युटरवरची देखाव्याची चित्रं) काढत होते. एवढं शिकून रेंडर!

हॉर्टी_हर्षल
मी कृषी विद्यापीठाचा, बी.एस्सी. हॉर्टिकल्चर. आमच्याकडे एम.एस्सी.ला फ्लोरिकल्चर आणि लॅन्डस्केप असा विषय असतो, तो चालत नाही का? फी तर काहीच नाही त्या मानाने.

रेषेवरची_अक्षरं
ते फुलशेतीचं हो. गुलाब-जरबेरा. वेगळी लाईन.

हॉर्टी_हर्षल
ही बघा, हीच ती बोलायची पद्धत. आर्किटेक्ट लोक आम्हाला माळी समजतात. तुमच्या प्लॅनवर झाडाचा गोल सहा मीटरचा, दोन झाडांत अंतर तीन मीटर, खाली गॅस लाईन. मग झाड मेलं की बोलवा कृषीवाल्याला.

शिकागोचा_शाम
हर्षलच्या बाजूने बोलतो. कॉर्नेलमध्ये लॅन्डस्केप आर्किटेक्चर आजही शेतकी कॉलेजातच आहे. हॉलंडचं वागेनिंगन म्हणजे मुळात शेतीचीच युनिव्हर्सिटी. हार्वर्डने १९०० मध्ये अमेरिकेतला पहिला कोर्स काढला म्हणून सगळे आर्किटेक्चरच्या घरातले समजतात, पण या विषयाचं आजोळ शेतीत आहे. आणि चीनचे यू कोंगज्येन, ज्यांनी स्पंज सिटीची (शहराने पावसाचं पाणी स्पंजसारखं शोषायचं) कल्पना जगभर नेली, ते खेड्यातल्या शेतकऱ्याचे पोर. हार्वर्डला डॉक्टरेट केली १९९५ मध्ये, परत जाऊन बेजिंगला विभाग उभा केला. पूर आला तर पाण्याला जागा द्या हे ते गावच्या बांधावरून शिकले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात गेले, त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणी काम केलं नाही.

हर्षल, फक्त एवढंच की तुझी एम.एस्सी. घेऊन आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होणार नाही. पण अमेरिकेत तीन वर्षांच्या एमएलएला तू चालतोस.

हॉर्टी_हर्षल
अरे वा. हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवतो.

सिंगापुरी_सुलभा
सॉईल_मेकॅनिक साहेबांच्या आरसीसी भिंतीवर. आमच्या इथे बिशान पार्कला अशीच काँक्रीटची कॅनाल होती, सरळसोट, २.७ किलोमीटर. ती तोडून तिची ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये पूर्ण झाली. पाऊस आला की पाणी पार्कात पसरतं, सायरन वाजतो, लोक वर सरकतात, दोन तासांत परत मुलं खेळायला. एनयूएस या इथल्या युनिव्हर्सिटीत पण दोन वर्षांचं एमएलए आहे, ओली_मातीने तेही बघावं, हवामान तरी आपल्यासारखं, म्हणजे झाडांची नावं वाया जात नाहीत.

सॉईल_मेकॅनिक
बिशान मला माहितीये ताई. तिथे शेजारी ६० हेक्टरच्या वर पार्क होतं. आमच्या नाल्याच्या एका बाजूला मंगल कार्यालय, दुसऱ्या बाजूला नगरसेवकाच्या मेव्हण्याचं गॅरेज. तिथे वळण कुठे घालू? भिंत आवडते म्हणून घालत नाही कोणी.

ऋतुगंध
हे मात्र मान्य. जागा गेल्यावर बोलावलं तर आमच्याकडेही जादू नाही. म्हणूनच तर म्हणतेय सर्व्हेच्या दिवशी बोलवा.

आबा_साक्रीकर
वय वर्षे ७४, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. टायपिंग नातू करून देतोय.

मुलीने ओढ्याचं लिहिलं म्हणून सांगतो. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणारा. नदीला या रेषा आखतात. ओढ्याला कोणी आखत नाही, आणि शहरात घरात पाणी शिरतं ते निम्म्या वेळा ओढ्याचं. तुमच्या शिक्षणात हे असेल तर जरूर शिका.

पण परदेशाआधी आमच्या पांझरेवर या. धुळे, नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. लहान बंधारा, त्याचा पाट, खाली शेताचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी अमुक फड कोरडा ठेवायचा हे गाव ठरवायचं, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने कोणी एकटा बुडत नसे. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. इंजिनिअर कोणी नव्हता. मी इंजिनिअर असून सांगतो.

ओली_माती
आबा, हे मी कधीच ऐकलं नव्हतं. पाच वर्षांत एकदाही. व्हर्सायची बाग मात्र दोन सेमिस्टर होती.

खाजनकार
आबांना दंडवत. आमच्या गोव्यात तसंच खाजनाचं आहे. खारं पाणी अडवायला मातीचे बांध, त्यात लाकडी दारांचं मानस. भरती आली की दार पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, ओहोटीला आपोआप उघडं. पावसाळ्यात आत कोरगूट भात, तो खाऱ्या मातीत तगतो, बाकीच्या दिवसांत मासळी. बांध फुटला आणि गावाने बांधला नाही की दोन वर्षांत तिथे खारफुटी. माझ्या मेव्हणीने थीसिस यावरच केला. ज्युरीला बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, "बट व्हेअर इज युअर डिझाइन?" ती म्हणाली, इट इज फोर हंड्रेड इयर्स ओल्ड सर, आय ओन्ली रिपेअर्ड द गेट. पास झाली. डिस्टिंक्शन नाही दिलं पण.

बंड्या_बारामतीकर
डिस्टिंक्शन दिलं असतं तर सगळे दारंच दुरुस्त करत बसले असते.

दुबईकर_मिलिंद
नोकऱ्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गल्फमध्ये लॅन्डस्केपच्या ऑफिसात निम्मे आपलेच. पगार बरा, टॅक्स नाही, काम भरपूर. पण इथे झाड म्हणजे पाइपच्या शेवटी लावलेली वस्तू. सगळं सांडपाण्यावर प्रक्रिया केलेल्या पाण्यावर चालतं, ड्रिप बंद पडली की आठवड्यात बाग खलास. शिकायला चांगलं, इरिगेशनचं ड्रॉइंग तर मी झोपेत काढीन. पण आमच्या कोकणातल्या जागेत गेल्या मे महिन्यात गेलो तर मला स्वतःच्या बांधावरच्या झाडांची नावं येईनात. आईने सांगितली.

कोवळं_ऊन
झाडांवरून आठवलं, सगळीकडे कोनोकार्पस का लावतात? गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली ना? आणि गुलमोहर, रेन ट्री ही परदेशीच. सगळी काढून देशी लावा.

गवती_चहा
मिरची पण परदेशीच आहे. मिसळ बंद करायची का?

ऋतुगंध
कोनोकार्पसला माझा पाठिंबा नाही, पण पन्नास वर्षांचा रेन ट्री केवळ पासपोर्ट बघून तोडायचा नसतो. आणि खरा प्रश्न नर्सरीचा आहे. मी प्लॅनवर कुंभा, वावळा, पांगारा लिहिते. काँट्रॅक्टर सोरतापवाडी-उरुळीला जातो, तिथे मिळतो फॉक्सटेल पाम, एक्झोरा आणि सोनेरी डुरांटा, फोन येतो, "मॅडम ते तुमचं मिळत नाही, सेमच दिसतं, लावू का?" म्हणून आता मी दोन वर्षं आधी रोपं करायला देते. हे कुठल्याही कॉलेजात शिकवलं नाही.

शामचं मत काय यावर, परत यायचं असेल तर? धागाकर्तीचा मूळ प्रश्न तो होता आणि आपण मिसळीवर आलोय.

शिकागोचा_शाम
खरं सांगतो. आम्हाला दर आठवड्याला बारा झाडं पाठ असायची, लॅटिन नावांसकट, चालत चालत परीक्षा, सर फांदीकडे बोट दाखवणार. दोन सेमिस्टरमध्ये दीडशेच्या वर झाली. त्यातलं पुण्यात काय येतं? जवळजवळ काही नाही. ओक, मेपल, डॉगवूड. पण ग्रेडिंग (जमिनीला उतार देणं) आलं. कंटूर हाताने वळवायला आले, कट-फिलचा (माती किती खोदायची, किती भरायची) हिशेब जुळवायला आला, आणि पाणी पाइपात न घालता साइटवर कसं मुरवायचं त्याचे डिटेल्स आले. जिथे मे महिन्यात जमीन भेगाळते आणि जुलैत एका रात्रीत कमरेइतकं पाणी होतं, तिथे ते डिटेल्स तसेच्या तसे लावले तर फसतील. माझा मित्र परत गेला, त्याचं पहिलं बायोस्वेल (म्हणजे पाणी मुरवायचा हिरवा चर) पहिल्याच पावसात काळ्या मातीने भरून गेलं. तो म्हणतो परत शिकायला तीन पावसाळे लागले.

त्यामुळे परत यायचंच असेल तर कर्ज काढून अमेरिका, मी तरी नाही म्हणेन. राहायचं असेल तर स्टेममुळे आता पूर्वीपेक्षा बरं आहे. मामांना राग येईल.

निळावंती
शामशी अर्धी असहमत. नदीच्या खोऱ्याचा नकाशा थरांथरांनी वाचायचा, मग त्यावर रेघ मारायची, ही सवय मला इथेच लागली. मी भारतात असते तर ऑफिसात कोणी त्यासाठी वेळच दिला नसता. पण मी परत आलेले नाही, तेव्हा माझं मत अर्धंच धरा.

आणि पोर्टफोलिओ: रेंडर कमी कर. एकच जागा मे, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये हाताने काढ, सेक्शनसकट. माझ्या मुलाखतीत अर्धा तास त्या एका पानावरच बोलणं झालं, मंगळवेढ्याजवळची आमची विहीर होती ती.

सेक्रेटरी_काका
फोटो टाकलाय. आणि सळई घातली, नऊ इंच.

हॉर्टी_हर्षल
काका तो उंबर आहे. मुळं जॉइंटमधून खाली गेली असणार, गळती त्याच्याच आसपास असेल बघा. लहान आहे तोवर काढा.

ओली_माती
तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, मामालाही वाचायला दिले (तो फक्त बंड्यांच्या प्रतिसादावर हसला).

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. एक, रविवारी त्या मुळशीच्या साइटवर गेले, छत्री घेऊन, आणि ओढ्याच्या कडेने वर चालत गेले. सर्व्हेत तो आमच्या हद्दीपाशी सुरू होतो. खरं तर वर पाऊण तास चालल्यावर पण संपला नाही, वरच्या वाडीतल्या एका आजींनी सांगितलं की तो तीन ओढ्यांचा एक झालाय आणि त्याला नाव आहे, कांबळओढा. आमच्या ड्रॉइंगवर 'नाला, ०.९ रुंद' असं होतं. मी आजींच्या पडवीत बसून सेक्शन काढला, पुराची खूण त्यांनीच भिंतीवर दाखवली.

दुसरं, ऋतुगंध ताईंशी बोलणं झालं, ऑगस्टपासून त्यांच्याकडे जॉइन होतेय, पगार आताच्यापेक्षा दोन हजार कमी. फेब्रुवारीत गेट देईन. एसपीए किंवा सेप्ट, जिथे मिळेल तिथे. जर्मनीचं निळावंती ताई, एक सेमिस्टर एक्स्चेंजवर जमलं तर बघू. आबा, दिवाळीनंतर पांझरेवर आले तर चालेल का?

आबा_साक्रीकर
दिवाळीनंतर नको, पाट सुरू असेल तेव्हा ये. नातवाने फोन नंबर इथे लिहायला मनाई केली आहे, निरोप पाठवतो म्हणाला. भाकरी-ठेचा चालतो ना?

सॉईल_मेकॅनिक
तो सेक्शन मला पाठव. पुराची खूण आणि उतार असेल तर डिस्चार्ज (किती पाणी वाहतं ते) काढून देतो. फुकट. भिंत सुचवणार नाही, प्रॉमिस.

बंड्या_बारामतीकर
चला, एक मतदारसंघ गेला हातचा.

सेक्रेटरी_काका
अपडेट: काल मीटिंग झाली. गळती उंबराखालीच आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. काढायचा ठरावही झाला. पण दत्ताचं झाड आहे, कोयता कोण लावणार यावर दीड तास चर्चा होऊन सभा तहकूब. सी विंगच्या काकू कालपासून तिथे दिवा लावतायत.